होमस्टेची वेबसाइट करायला घेताना: फ्रीलान्स वेब डिझायनरसाठी कोटेशनपासून हस्तांतरापर्यंत

“वेबसाइटचे किती घेता?” या प्रश्नाला फोनवर आकडा देऊ नये. ग्राहक तो आकडा लक्षात ठेवतो, पण त्यात काय काय येतं याची दोघांची कल्पना वेगवेगळी असते. छोट्या व्यवसायाचं काम डिझाइनवर क्वचितच अडतं. मजकूर येत नाही, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे ते कळत नाही, शेवटचा हप्ता कधी द्यायचा हे ठरलेलं नसतं, म्हणून ते अडतं. या तिन्ही गोष्टी सुरुवातीलाच कागदावर आणता येतात. उदाहरणादाखल दापोलीजवळच्या एका होमस्टेची सात पानांची वेबसाइट धरू. दंतवैद्याचं काम असो की सांगलीच्या बेदाणा व्यापाऱ्याचं, क्रम फारसा बदलत नाही.

आधी काय विचारायचं

वेबसाइट पाहून माणसानं नेमकं काय करावं: फोन, व्हॉट्सअ‍ॅप, की तिथेच बुकिंग करून पैसे? या एका उत्तरावर काम दुप्पट होऊ शकतं. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट गेटवेवाले अटी, गोपनीयता धोरण, रद्द केल्यास परतावा आणि संपर्काचा पूर्ण पत्ता ही पानं पाहतात, त्याशिवाय खातं चालू होत नाही. केवायसी आणि बँक खातं ग्राहकाचंच हवं. “तात्पुरतं तुमच्या खात्यावर घ्या” ही विनंती मान्य करू नका, कारण ती रक्कम तुमचं उत्पन्न म्हणून दिसते.

मग डोमेन आहे का, त्याचं लॉगिन कुणाकडे, त्यावर ईमेल चालतो का, फोटो कोण काढणार आणि मजकूर मराठी, इंग्रजी की दोन्ही, हे विचारा. शेवटी मंजुरी कुणाची ते विचारा. होमस्टे तीन भावांचा असेल तर तिघांची मतं येणारच, वर पुण्यातल्या मेहुण्याचंही. एकच नाव लिहून घ्या आणि त्या माणसाच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी “मंजूर” आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भाव कसा काढायचा

बाजारभाव विचारत फिरण्यापेक्षा आधी स्वतःचा तासाचा दर काढा. महिन्याला ₹५०,००० घरी न्यायचे तर वर्षाचे सहा लाख. लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर, इंटरनेट, आरोग्य विमा, सीएची फी यांचे दीड लाख आणि रिकाम्या महिन्यांसाठी पन्नास हजार धरले की आठ लाख होतात. वर्षात कामाचे दिवस सुमारे २३०. पण कोटेशन, फोन आणि वसुली यांचे तास कुणी देत नाही, त्यामुळे दिवसाला बिलात लागणारे साडेतीन तास धरा. साधारण ८०० तास झाले, म्हणजे दर ₹१,०००. आठ तासांचा दिवस धरून दर काढला तर तो निम्म्याहून खाली येतो आणि वर्षाअखेरीस हिशेब जुळत नाही.

होमस्टेच्या कामाचे तास असे पडतात: बैठक आणि आराखडा ५, डिझाइन १२, बांधणी १८, मजकूर-फोटो बसवणं १०, तपासणी ५, ग्राहकाशी बोलणं ६. एकूण ५६ तास, म्हणजे ₹५६,०००. “बोलणं ६” ही ओळ नवे डिझायनर लावत नाहीत आणि तोटा तिथेच होतो. ग्राहकाचं बजेट पंचवीस हजार असेल तर दर कमी न करता काम कमी करा: तीन पानं, तयार थीम, एक भाषा, फोटो त्यांचे. त्याच कामाला सूट दिलीत तर पुढचा ग्राहक सूट लागलेल्या भावापासूनच घासाघीस सुरू करतो.

करार: दोन पानं पुरतात

हप्ते ४०, ४० आणि २० टक्के ठेवा: पहिला आगाऊ, दुसरा डिझाइनच्या मंजुरीनंतर, तिसरा वेबसाइट लाइव्ह करण्याच्या आधी. ‘लाइव्ह झाल्यावर लगेच’ असं लिहू नका. वेबसाइट दिसायला लागली की ग्राहकाची घाई संपते आणि तुमचे वीस टक्के मे महिन्याच्या पर्यटन हंगामात हरवतात. चाचणीचा तात्पुरता पत्ता देऊन सगळं काम दाखवा, मुख्य डोमेनवर मात्र पैसे आल्यावरच चढवा.

बदलांच्या दोन फेऱ्या लिहा आणि फेरी म्हणजे काय तेही लिहा: सगळ्या सूचना एकत्र, एका वेळी. रोज रात्री येणारा एकेक मेसेज म्हणजे फेरी नव्हे. मजकुराची तारीखही हवी. २१ दिवसांत मजकूर आला नाही तर काम थांबेल, तोवर झालेल्या कामाचं बिल देय होईल आणि पुन्हा सुरू करताना नवी तारीख मिळेल. या एका कलमाचा उपयोग बाकी सगळ्या करारापेक्षा जास्त होतो.

कॉपीराइटचं कलम बहुतेकांच्या करारात नसतं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या डिझायनरनं केलेल्या डिझाइनचा पहिला मालक साधारणपणे डिझायनरच असतो. ग्राहकाला हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून “शेवटचा हप्ता मिळताच डिझाइनचे सर्व हक्क, कायमस्वरूपी आणि जगभरासाठी, ग्राहकाकडे जातील” असं स्पष्ट लिहा. विकत घेतलेले फॉन्ट, स्टॉक फोटो आणि प्लगइन (वेबसाइटला जोडायची तयार सॉफ्टवेअर) यातून वगळा, कारण त्यांचा तुमच्याकडे फक्त परवाना असतो. काम नमुना म्हणून दाखवण्याची मुभाही याच ओळीत मागून घ्या.

बिल, कर आणि थकबाकी

सेवा देणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल ही आहे. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही आणि वर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ असंही छापू नये. नोंदणी असेल तर दर १८ टक्के. परदेशातल्या ग्राहकाच्या कामाचे पैसे परकी चलनात मिळाले तर ती निर्यात ठरते. नोंदणी असलेल्यांनी त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी (हमीपत्र) भरायचं, म्हणजे कर न भरता निर्यात करता येते. बँकेकडून येणारं परकी रकमेचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

कंपन्या तुमच्या बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) कापतात, सहसा १० टक्के. काही जण तांत्रिक सेवा धरून २ टक्के कापतात. एप्रिल २०२५ पासून एका ग्राहकाकडून वर्षात ₹५०,०००च्या वर रक्कम गेली तरच हा टीडीएस लागतो. कापलेली रक्कम तुमच्या पॅनखाली प्राप्तिकराच्या पोर्टलवर दिसते का, हे दर तिमाहीला पाहा. ग्राहकानं पॅनचा एक आकडा चुकवला तरी विवरणपत्र भरताना ती रक्कम सापडत नाही. जीएसटी बिलात वेगळा दाखवला की टीडीएस मूळ रकमेवरच कापला जातो.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे आणि ती पहिलं काम घेण्याआधीच करून ठेवा, कारण नोंदणीआधी दिलेल्या सेवेसाठी तिचं संरक्षण मिळेलच असं नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार लेखी करार असेल तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत यायला हवेत. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून अशी मुदतीबाहेर गेलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच खर्च म्हणून दाखवता येते. मार्चमध्ये कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना याची आठवण करून देणं वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

डोमेन ग्राहकाच्याच नावावर

ग्राहकाच्या ईमेलनं आणि त्याच्याच कार्डानं डोमेन घ्या, तुम्ही फक्त प्रवेश मागा. तुमच्या खात्यात दहा ग्राहकांची डोमेन असणं सोयीचं वाटतं, पण नूतनीकरण चुकलं की दोष तुमच्यावर येतो. डॉट कॉमसारखं डोमेन नव्यानं घेतल्यावर ईमेल पडताळणीचा मेल येतो. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर वेबसाइट अचानक बंद पडते. हा मेल अनेकदा स्पॅममध्ये सापडतो.

जुनं डोमेन असेल आणि त्यावर ईमेल चालत असेल तर नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलू नका. वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी ए नोंद तेवढी बदला. नेमसर्व्हर बदलताना एमएक्स (मेल कुठे पोचवायचा त्या) नोंदी नव्या ठिकाणी नेल्या नाहीत तर वेबसाइट छान दिसते आणि मेल बंद होतात. बुकिंगचे मेल येईनासे झालेत हे होमस्टेवाल्याच्या लक्षात यायला आठवडा जातो. बदलाच्या आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल (जुनी नोंद इतरत्र किती वेळ धरली जाते तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे चूक झालीच तर काही मिनिटांत मागे फिरता येतं.

मराठी मजकूर: इथे घाई करू नका

ग्राहक माहितीपत्रकाची फाइल पाठवतो. ती डीटीपीवाल्यानं श्रीलिपी या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते. तिथून कॉपी केलेला मजकूर ब्राउझरमध्ये निरर्थक चिन्हं होऊन येतो, कारण तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही. कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं एकेक ओळ वाचून तपासा. हे काम तासांत धरलेलं असू द्या.

‘किनाऱ्यावर’ हा शब्द होमस्टेच्या पानावर दहादा येणार. त्यातला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ वापरून, दुसऱ्यात र आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. सगळीकडे एकच ठेवा. काही फॉन्टांत हा र ‘किनार्यावर’ असा चुकीचा उमटतो. फॉन्ट निवडताना ‘दऱ्या, तऱ्हा, वर्षा, कर्त्याची, ट्रॅक्टर, ॲप’ एवढे शब्द टाकून पाहा.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत, वाचनीयही. मजकूर लांब असेल तर तिरो देवनागरीचं मराठी रूप चांगलं दिसतं. पानाच्या एचटीएमएलमध्ये (कोडमध्ये) भाषा मराठी म्हणून घोषित करा. ज्या फॉन्टात ल आणि श यांची मराठी-हिंदी दोन्ही वळणं आहेत, तो तेव्हाच मराठी वळण दाखवतो.

इंग्रजी टेम्प्लेटवर मराठी चढवलं की तीन गोष्टी हमखास बिघडतात. मथळ्यांना दिलेली अक्षरांमधली वाढीव जागा शिरोरेषा तोडते, ती शून्य करा. ओळींमधलं अंतर १.६ ते १.७ पट नसेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफाराला भिडतात, आणि बटणाची उंची ठरावीक असेल तर ‘चौकशी’तली मात्रा कापली जाते. तिसरी गोष्ट फॉन्टच्या फाइलची. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल जड असते, म्हणून दोनच वजनं (अक्षरांच्या जाड-बारीक आवृत्त्या) घ्या. फाइल लहान करायला स्वतः अक्षरं छाटू नका, नाहीतर जोडाक्षरं हलंताचे पाय दाखवत सुटी होतात. आकार १८ पिक्सेल ठेवा, १६ला देवनागरी बारीक दिसते.

फोटो

व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ पाठवलेला फोटो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हची लिंक घ्या. वर येणारा मोठा फोटो १,९२० पिक्सेल रुंद, वेबपी स्वरूपात, २०० केबीच्या आसपास ठेवा. एचटीएमएलमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर पान उघडताना मजकूर उड्या मारतो.

लाइव्ह करण्याआधी

साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून पाहा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा, गूगलची चांगल्या पानाची मर्यादा तीच आहे. चौकशीचा फॉर्म स्वतः भरा आणि मेल ग्राहकाच्या इनबॉक्सपर्यंत गेला का ते फोनवर विचारा. सर्व्हरच्या साध्या मेल सोयीनं पाठवलेले मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातात, एसएमटीपी (खात्यात लॉगिन करून मेल पाठवण्याची सोय) लावा. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चाचणीच्या काळात ‘सर्च इंजिनांना थांबवा’ या अर्थाची खूण केलेली असते. ती काढायची राहिली तर वेबसाइट गूगलवर येतच नाही आणि दोन महिन्यांनी ग्राहक तुम्हालाच विचारतो. गूगल मॅपवरच्या होमस्टेच्या नोंदीत वेबसाइटचा नवा पत्ता घाला. खेड स्टेशनला उतरून रिक्षात बसलेला पर्यटक आधी तीच नोंद उघडतो.

सोपवणं आणि देखभाल

डोमेन, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा), वेबसाइटचं अ‍ॅडमिन आणि फॉन्ट-प्लगइनचे परवाने यांची यादी, नूतनीकरणाच्या तारखा आणि रकमांसह, एका पानावर द्या. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव सवलतीचा असतो, दुसऱ्या वर्षाचा खरा आकडा आत्ताच सांगा. पासवर्ड त्या पानावर लिहू नका. ग्राहकाच्या नावानं वेगळं अ‍ॅडमिन खातं उघडा आणि त्यानं तुमच्यासमोर एकदा लॉगिन करून खोलीचा दर बदलून दाखवावा.

देखभाल वेगळ्या वार्षिक करारात घ्या: महिन्याला दोन तास, अपडेट आणि बॅकअप. न वापरलेले तास पुढे जात नाहीत हे लिहा. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवू नका, खातं बंद झालं की तोही जातो. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या पत्त्यावर उघडून पाहा. वर्डप्रेसच्या फाइली आल्या आणि डेटाबेस आलाच नाही, हे बहुतेकदा तेव्हाच कळतं.