बव्हेरियन आकडे : या चुका टाळा

बव्हेरियन म्हणजे म्युनिककडची, दक्षिण जर्मनीतली बोली. तिथल्या ऑक्टोबरफेस्टहून, म्हणजे बिअरच्या जत्रेहून, परतलेला प्रत्येक जण ‘ओआन्स, त्स्वोआ, द्राय, ग्सुफा!’ (एक, दोन, तीन, ढोसा!) ओरडून दाखवतो. चार विचारलं की गाडी क्लासातल्या जर्मनवर घसरते.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. माझीच सांगतो. म्युनिकमध्ये नवा होतो. ऑफिसातल्या मंडळींबरोबर डोंगरावर जायचं ठरलं. एक वयस्कर सहकारी म्हणाले, ‘फियाटल नाइने, स्टेशनवर.’ फियाटल म्हणजे पाव, नाइने म्हणजे नऊ. माझ्या मराठी डोक्याने हिशेब केला, पावणेनऊ! आठ चाळीसला, पोह्यांचा डबा घेऊन, पाच मिनिटं आधी आल्याच्या तोऱ्यात मी फलाटावर हजर. मंडळी सव्वाआठलाच भेटून निघून गेली होती. नववा तास पावभर भरला, म्हणजे सव्वाआठ. साडेआठ म्हणजे हॉइबा नाइने आणि पावणेनऊ म्हणजे द्रायफियाटल नाइने, पाऊण भरलेला नववा. आपला ‘अडीच’सुद्धा ‘अर्धतृतीय’वरून आलाय, म्हणजे तिसरा अर्धाच. तोंडात रोज अडीच असूनही मी फसलो! तेव्हापासून वेळ ऐकली की ‘आठ पंधरा ना?’ असं विचारून घेतो. हसणारे हसतात.

दुसरी चूक शेपटीची. आकडा एकटा असेल, किंवा घड्याळातला असेल, तर फिअरे, फिम्फे, सेक्से (चार, पाच, सहा), शेवटी ‘ए’ची शेपूट. पुढे वस्तू आली की शेपूट गळते. बेकरीत गोल पाव मागताना ‘फिम्फ सेमल्न’ म्हणायचं, ‘फिम्फे सेमल्न’ नाही. तक्ते घोकणारे इथे हमखास आपटतात, कारण तक्त्यात आकडे एकेकटेच उभे असतात. मी आकडा कधीच सुटा पाठ केला नाही, पावासकट केला.

पंधरा आणि पन्नास पाचावरून बनवत बसू नका. फुख्त्सेन, फुख्त्सग. लबाड माणसाला ‘खोटा फुख्त्सगा’ म्हणतात, त्यावरून लक्षात ठेवा.

एकवीसला ‘आधी एक, मग वीस, किती उलटं!’ अशी तक्रार मराठी माणसाने तरी करू नये.

स्पेलिंगवरून भांडू नका, सर्वमान्य असं एक नाहीच.

आणि ‘दोन’. तरुण मंडळी सगळीकडे त्स्वोआ म्हणतात, पण जुनी माणसं पुरुषांना त्स्वेन, बायकांना त्स्वो आणि पोरांना त्स्वोआ म्हणतात. दोघे, दोघी, दोघं. एखाद्या आजीच्या तोंडून हे ऐकलं, तर तिला लगेच ‘सुधारायला’ जाऊ नका. मी गेलो होतो.