नुब्रातल्या आजी-आजोबांचं बालपण नोंदवायचं असेल तर

लडाखमधल्या नुब्रा खोऱ्यात ऐंशीच्या घरातल्या आजींना जन्मसाल विचारलं तर उत्तर येतं, 'ता'. ता म्हणजे घोडा. आधार कार्डावर १ जानेवारी आणि अंदाजाने लिहिलेलं एक साल असतं. त्यावर विसंबलात तर पुढचा सगळा कालक्रम पाच-सात वर्षांनी सरकतो. 'ता' हे उत्तर मात्र नेमकं आहे, फक्त ते उलगडता आलं पाहिजे.

लडाखला फिरायला जाणारी मराठी माणसं खूप. अलीकडे अभ्यासासाठी, शाळांमध्ये शिकवायला किंवा संस्थांच्या कामासाठी महिनोन्‌महिने राहणारेही बरेच आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना दिस्कित, हुंदर, सुमूर, पनामिक, तुर्तुक इथल्या वृद्धांच्या आठवणी नीट टिपून ठेवायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. मध्य आशियातल्या यारकंदहून येणारे व्यापाऱ्यांचे काफिले डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आधी ऋतूचं बघा. उन्हाळ्यात जाऊ नका. मे ते सप्टेंबर शेती, जर्दाळू आणि पर्यटक यांतून कुणाला तासभर बसायला फुरसत नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, कारण माणसं चुलीपाशी असतात आणि गोष्टी सांगायचा मोसमही हाच. केसर राजाची लोकगाथा पूर्वी हिवाळ्याच्या रात्रींतच चालायची. मात्र थंडी उणे पंधराच्या खाली जाते आणि लेहहून नुब्रात नेणारी 'खार्दुंग ला' ही खिंड बर्फाने मधूनमधून बंद पडते, म्हणून हातात चार-पाच दिवस जादा ठेवा. लेहला (३५०० मीटर) विमानाने उतरलात तर दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या. खिंड ५३०० मीटरच्या वर आहे, दिस्कित मात्र ३१०० मीटरच्या आसपास, त्यामुळे पलीकडे उतरलं की बरं वाटतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं.

रेकॉर्डर साधा चालेल, पण मोनो, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. त्यात तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या थंडीत झटकन मान टाकतात. लिथियमच्या घ्या आणि आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. थंडीतून गरम खोलीत आलात की रेकॉर्डर आणि कॅमेरा बंद प्लास्टिक पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. माइक बुखारीपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) लांब ठेवा. लाकडाची तडतड कानाला गोड वाटते, पण रेकॉर्डिंगमध्ये तिच्याखाली शब्द बुडतात. चहा घुसळायच्या गुरगुरचंही तेच. गुरगुर सुरू झाली की थांबायचं आणि चहा घ्यायचा.

चहाचा रिवाज कळला नाही तर पहिला दिवस वाया गेला समजा. पाहुण्याने आधी नको-नको म्हणायचं आणि यजमानाने आग्रह करायचा असतो. या नकाराला 'झांग्स' म्हणतात. पहिल्याच हाकेला पेला पुढे केलात तर हावरे ठरता, शेवटपर्यंत नको म्हटलात तर तुसडे. पेला प्रत्येक घोटानंतर पुन्हा भरला जातो, म्हणून निघायची वेळ येईपर्यंत तो भरलेलाच राहू द्या. चुलीकडे पाय करून बसू नका, चुलीत कचरा टाकू नका, तिथे घराची देवता असते. आजोबांना 'मेमे-ले', आजींना 'अबी-ले' म्हणायचं. शेवटचं 'ले' म्हणजे आपलं 'अहो', ते गाळायचं नाही. तुर्तुककडे बोली बाल्टी आहे आणि लोक मुसलमान. तिथे आजोबा 'आपो', आजी 'आपी'.

आता वर्षांचा हिशोब. हा भाग वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे. चक्र बारा प्राण्यांचं: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, पक्षी, कुत्रा, डुक्कर. इसवी सनाला बाराने भागा आणि बाकी पाहा. बाकी ४ उरली तर उंदीर, ५ बैल, ६ वाघ, ७ ससा, ८ ड्रॅगन, ९ साप, १० घोडा, ११ मेंढी, ० माकड, १ पक्षी, २ कुत्रा, ३ डुक्कर. म्हणजे घोड्याची वर्षं १९३०, १९४२, १९५४, १९६६. काहींना तत्त्वही आठवतं: लाकूड, अग्नी, पृथ्वी, लोखंड, जल. ते सनाच्या शेवटच्या आकड्यावरून कळतं. ४-५ लाकूड, ६-७ अग्नी, ८-९ पृथ्वी, ०-१ लोखंड, २-३ जल. 'चू-ता', म्हणजे जल-घोडा, असं कुणी म्हणालं तर १९४२, दुसरा पर्यायच नाही.

तत्त्व आठवत नसेल तर दोन घोड्यांमधला कुठला हे एखाद्या मोठ्या घटनेवरून ठरवायचं. अशा खुणा नुब्रात पुरेशा आहेत. मे १९४८ मध्ये लेहला पहिलं विमान उतरलं. त्याच उन्हाळ्यात पाकिस्तानी हल्लेखोर श्योक नदीच्या काठाने वर आले आणि गावातल्या पोरांची 'नुब्रा गार्ड्स' ही तुकडी उभी राहिली. सुमूरच्या छेवांग रिंचेन यांना महावीर चक्र मिळालं तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. १९४९ नंतर यारकंदची वाट बंद झाली. १९६२ चं युद्ध, डिसेंबर १९७१ मध्ये तुर्तुक भारतात आलं तो दिवस, एप्रिल १९८४ पासून सियाचीनकडे जाणारं लष्कर, १९९४ मध्ये पर्यटकांना खोरं खुलं झालं ते वर्ष. प्रश्न 'तेव्हा तुमचं वय काय?' असा विचारू नका. 'तेव्हा तुम्ही शेरडं राखायला जात होतात का? एकट्या जायचात की मोठ्या भावंडासोबत?' असं विचारा. एकट्या जात असतील तर आठ-नऊच्या पुढे, मागे-मागे जात असतील तर पाच-सहा. ता सालच्या आजी विमानाच्या वेळी बहिणीचा हात धरून जात होत्या, तर १९४२ पक्कं. १९३० धरलं तर त्या अठरा वर्षांच्या, कदाचित लग्न होऊन सासरी गेलेल्या असत्या.

इथे दोन ठिकाणी चूक होते. एक, वय सांगायची रीत वेगळी आहे. जन्मताच एक वर्ष धरतात आणि प्रत्येक लोसरला, म्हणजे नववर्षाला, एक वाढवतात, त्यामुळे सांगितलेलं वय आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी जास्त भरतं. दोन, लडाखी लोसर डिसेंबरच्या आसपास येतो, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या जवळपास दोन महिने आधी. हिवाळ्यात जन्मलेल्या माणसाचा प्राणी त्यामुळे एकाने इकडे-तिकडे होऊ शकतो. 'लोसरच्या आधी की नंतर? दिस्कितच्या दोसमोचेच्या (हिवाळ्यातल्या मठाच्या उत्सवाच्या) आधी की नंतर?' एवढं विचारून टाका.

दुभाष्याची निवड कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची. नातवंडाला दुभाषा करण्याचा मोह होतो, कारण ते हाताशी असतं आणि हिंदी बोलतं. टाळा. आजी नातवासमोर बऱ्याच गोष्टी गाळतात, आणि नातू आजीच्या पाच मिनिटांच्या बोलण्याचं 'बचपन में बकरी चराती थीं' एवढ्यात भाषांतर करतो. शेजारच्या गावची, तिशी-चाळिशीतली बाई मिळाली तर उत्तम. तिला दर दोन मिनिटांनी थांबवू नका, आठवणीचा धागा तुटतो. अबी-लेंना बोलू द्या, तुम्ही नुसतं ऐका, आणि संध्याकाळी तिच्यासोबत बसून रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. एका तासाच्या बोलण्याचा उतारा आणि भाषांतर करायला आठ ते दहा तास लागतात. हे गणित आधीच धरलं नाही तर शेवटी पन्नास तासांचं रेकॉर्डिंग उरतं आणि ते कुणीच ऐकत नाही.

पहिल्या भेटीत बसून प्रश्न विचारा, दुसऱ्या भेटीत चालायला चला. खरी माहिती चालताना निघते. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो अशा प्रदेशात गाव जगतं ते हिमनदीच्या पाण्यावर. ते पाणी पाटाने येतं, पाटाला 'युरा' म्हणतात. ते साठवायचं तळं 'झिंग', आणि पाळी ठरवणारा माणूस 'चुरपोन'. धुळ्याकडच्या फड पद्धतीतला पाटकरी ज्यांना माहीत आहे त्यांना चुरपोन समजावून सांगायला नको. बालपणाच्या कितीतरी आठवणी या युराला बांधलेल्या असतात. रात्री पाळी आली की वडिलांसोबत जाणं, दगड आणि मातीच्या ढेकळाने तोंड बंद करणं, उतारावर पाणचक्की ('रानतक') फिरताना पाहणं, कुणी पाणी चोरलं म्हणून झालेली भांडणं. युराच्या मुखापासून खाली चालत या, प्रत्येक फाट्यावर थांबा आणि एवढंच विचारा: 'इथून पाणी कुणाच्या घराला जातं?' लक्षात ठेवा, 'कुणाच्या घराला', 'कुणाला' नाही.

कारण लडाखमध्ये प्रत्येक घराला स्वतःचं नाव असतं. त्सेरिंग, रिग्झिन, स्तान्झिन ही नावं एका गावात दहा-दहा सापडतात, घराचं नाव एकच. नोंदीत आधी घराचं नाव, मग व्यक्तीचं. शिवाय 'खांगपा' म्हणजे मोठं घर आणि 'खांगबू' म्हणजे थोरल्याचं लग्न झाल्यावर आई-वडील जिथे राहायला जात ते धाकटं घर. पूर्वी जमीन थोरल्याकडे एकसंध राहायची, धाकटा मठात जायचा किंवा भावासोबत एकाच बायकोच्या संसारात राहायचा. १९४१ च्या कायद्याने ही बहुपतिकत्वाची चाल बेकायदा ठरवली, पण आजच्या वृद्धांपैकी काहींचे दोन वडील होते. वंशावळ काढताना असं आलं तर चेहऱ्यावर आश्चर्य आणू नका, आणि 'खरे वडील कोण' हा प्रश्न तर मुळीच नको. सांगितलं तसं दोघांना लिहा.

चालणं जमत नसेल तर वस्तू पुढ्यात ठेवा. त्सेपो (पाठीवरची टोपली), यारकंदी नमदा (लोकरीचं जाजम), सत्तू ठेवायची पिशवी. घरात असेल ते मागा. त्सेपो हातात आली की मेमे-ले तिचा पट्टा कुठे घासायचा ते खांद्यावर बोट ठेवून दाखवतात, आणि मग शेण गोळा करायच्या वाटा आपोआप सांगायला लागतात. अशा वेळी हातांचा व्हिडिओ घ्या, चेहऱ्याचा नंतर घेतला तरी चालतो. खेळही तोंडी विचारू नका. खडे आणा, मांडून दाखवा म्हणा.

काफिल्यांबद्दल विचारताना थेट 'रेशीम मार्ग' म्हणू नका. तो शब्द पर्यटकांकडून परत आलेला आहे, आणि तो वापरलात की पर्यटकांना सांगायची गोष्ट मिळते. 'घोड्यांना ओल कुणी द्यायचं?' असं विचारा. ओल म्हणजे लसूणघास. यारकंदच्या वाटेवरची 'सासेर ला' खिंड ओलांडण्याआधी चारा, जवाचं पीठ आणि भाड्याची जनावरं नुब्रातच मिळायची, आणि पोरांच्या आठवणीत व्यापारी नसतात, असतात त्यांची जनावरं, कुत्री, हातावर ठेवलेला मनुका. हुंदरच्या वाळूत आज पर्यटकांना फिरवणारे दोन वशिंडांचे उंट याच वाटेने आलेल्यांचे वंशज आहेत.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. तुर्तुकच्या बऱ्याच कुटुंबांचे नातेवाईक ताबारेषेपलीकडे आहेत. त्यांनी आपणहून काढल्याशिवाय तो विषय नको, आणि काढला तरी पलीकडच्यांची नावं नोंदीत येऊ देऊ नका. पूल, छावण्या, हेलिपॅड यांचे फोटो नकोत. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं सोबत नेऊच नका, परवान्याविना ती बाळगणं भारतात गुन्हा आहे.

संमती कागदावर सही घेऊन पुरत नाही. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दुभाष्याने लडाखीत विचारावं: हे कोण ऐकेल, कुठे ठेवू, कुठला भाग नको. उत्तर त्यांच्याच आवाजात राहू द्या. फाईलचं नाव तारीख, गाव, घर आणि भेटीचा क्रमांक असं, आणि प्रती तीन. एक तुमच्याकडे, एक वेगळ्या शहरात, एक त्या घरात.

घरातली प्रत पेनड्राइव्हवर देऊन भागत नाही, तो हरवतो. फोनवर वाजेल अशा फाईली करून सगळ्या भावंडांच्या फोनमध्ये घाला. उतारा छापून न्या आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. तेव्हा दुरुस्त्या येतात. धाकटी बहीण म्हणते, तो घोडा काळा नव्हता, तांबडा होता. काकू म्हणते, युराचं ते तोंड पुरात वाहून गेलं, आताचं नवीन आहे. मूळ वाक्य खोडू नका. दुरुस्ती बाजूच्या समासात, वेगळ्या शाईने, कुणी सांगितली त्या नावासह लिहा.