गादी घ्यायलायसा? आधी घरातली ओल बघा, मग मटेरियल

दुकानात गेलं की दुकानदार आधी बजेट विचारतो आणि मग ऑर्थो, मेमरी, लॅटेक्स असली नावं सांगत सुटतो. पण त्याच्याआधी तुमचं घर कुठं आहे ते बघा की. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळाभर भिंतीला ओल असते, कपाटातले कपडेसुद्धा कुबट वास मारतात, आणि अथणी-रायबागकडं हवा कोरडी, उन्हाळा कडक. दोन्हीकडं एकच गादी कशी चालणार?

कापसाची गादी अजून पण मस्तच, अंगाला गरम होत नाही, आणि दबली तर नदाफाकडं देऊन कापूस पिंजून परत भरून घेता येते, दुसऱ्या कुठल्या गादीला ही सोय नाही. फक्त कापूस ओल पटकन ओढून घेतो, ऊन नाही मिळालं की गाठी होतात आणि वास सुटतो. त्यामुळं गच्ची किंवा अंगण असेल आणि जड गादी उचलून उन्हात टाकणारं कोण तरी घरात असेल तरच घ्या. फ्लॅटमध्ये राहता, दोघं पण नोकरीला, मग कशाला त्या भानगडीत पडता? सावरीचा कापूस लई मऊ असतो पण तो उशीलाच बरा, गादीत दबून जातो.

काथ्याची, म्हणजे नारळाच्या काथ्याला रबर मारून केलेली, ती कडक असते आणि आतून हवा खेळते. पाठीवर झोपणाऱ्याला आणि ज्यांना जमिनीवर झोपायची सवय आहे त्यांना बरी पडते. कुशीवर झोपणाऱ्याचा मात्र खांदा दुखतो. काही वर्षांनी मधोमध खड्डा पडतो, म्हणून अधनंमधनं डोक्याची बाजू पायाकडं फिरवत जा.

फोममध्ये खरी गोष्ट डेन्सिटी, आणि दुकानदार तेवढीच सांगत नाही. आपणहून विचारायचं, ३२ आहे का ४०? हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत. रोज झोपायच्या गादीला ४० च्या आसपास बघा, कमी डेन्सिटीचा फोम लवकर बसतो. पाहुण्यांच्या खोलीतल्या दिवाणावर कमीचा पण चालतोय.

मेमरी फोम १९६६ मध्ये नासाच्या कामातनं निघाला, विमानाच्या सीटसाठी. अंगाच्या उबेनं मऊ होतो आणि थंडीत घट्ट, म्हणजे बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीत पडल्या पडल्या कडक लागतो, थोड्या वेळानं सैल होतो. उन्हाळ्यात मात्र गरम वाटतं. ज्यांना घाम लई येतो त्यांनी नाद सोडावा, असं माझं तर मत आहे.

ओल असलेल्या घरात मला लॅटेक्सच पटतं. रबराच्या चिकापासनं करतात, भोकं भोकं असतात त्यामुळं हवा फिरते आणि दाबलं की लगेच वर येतं. महाग आणि जड असतं, आणि रबराची ॲलर्जी असलेल्यांनी विचारूनच घ्यावं. एक करा, कव्हरला चेन असेल तर उघडून आत बघा ओ, बऱ्याच वेळा वर इंचभर लॅटेक्स आणि खाली सगळा साधा फोम असतो.

स्प्रिंगची घेणार असाल तर पॉकेट स्प्रिंग घ्या. त्यात प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असते, एकानं कूस बदलली म्हणून दुसऱ्याची झोप मोडत नाही.

पाठदुखीला कडक गादीच पायजे हे आपल्याकडं सगळे सांगतात, पण २००३ मध्ये स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीवाल्यांवर केलेला अभ्यास लॅन्सेटमध्ये आला, त्यात एकदम कडकपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. ऑर्थो असं छापलं म्हणून भुलू नका. दुकानात चप्पल काढून दहा-पंधरा मिनिटं आडवं व्हा, घरी झोपता तसंच, लाजायचं काय त्यात! पाठीवर पडून कमरेखाली हात घाला. हात आरपार सहज जातोय म्हणजे गादी तुम्हाला कडक, आणि कंबर खाली रुतून हात घालायलाच येत नाही म्हणजे मऊ.

कुठली पण घ्या, खाली सलग प्लायवूडचा बॉक्स असेल तर पावसाळ्यात खालनं बुरशी धरते. फळ्यांमध्ये फटी असलेला पलंग बरा, आणि भिंतीपासनं चार बोटं लांब ठेवा. जुने सागवानी पलंग स्टँडर्ड मापाचे नसतात, तेव्हा आतनं टेपनं मोजूनच दुकानात जा. कापसाची, काथ्याची, फोमची मापात करून मिळते, पण तयार स्प्रिंगची गादी नंतर कापून बारीक करता येत नाही.