जुना ट्रक घेणाऱ्या नव्या मालकांसाठी: पासिंगच्या (योग्यता तपासणीच्या) आधी काय पाहावे

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीच्या वाहतुकीत उतरणारा नवा माणूस बहुधा जुन्या ट्रकनेच सुरुवात करतो आणि खरेदीच्या वेळी इंजिन, गिअरबॉक्स, टायर व कमानपाटे बारकाईने पाहतो. माझ्या ट्रकचे हे सारे भाग उत्तम होते. तरीही योग्यता तपासणीत तो नापास झाला, तो केवळ फाळक्यांमुळे, म्हणजे माल ठेवायच्या जागेभोवतीच्या उभ्या फळ्यांमुळे.

आधीच्या मालकाने घडांचा आणखी एक थर मावावा म्हणून लोखंडी अँगल जोडून फाळके उंच करून घेतले होते. नोंदणी पुस्तकात मात्र मूळचीच मापे होती. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. बदल आधीच्या मालकाने केला, हे सांगून काही उपयोग होत नाही, कारण तपासणीला गाडी ज्याच्या नावावर उभी आहे त्यालाच उत्तर द्यावे लागते. माझा ट्रक ऐन हंगामात गॅरेजमध्ये उभा राहिला, हप्ते मात्र थांबले नाहीत, आणि ते दिवस आठवले की अजूनही जीव कासावीस होतो.

म्हणून सौदा ठरण्याआधीच नोंदणी पुस्तक हातात घेऊन गाडीशेजारी उभे राहा. लांबी, रुंदी व उंची टेपने मोजा. त्यानंतर गाडी रिकामी करून वजनकाट्यावर घाला आणि ते वजन पुस्तकातील रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. हे वजन पाहण्याचा आळस बहुतेक जण करतात, परंतु खरी गोम तिथेच आहे. गाडीचे एकूण (गाडी व माल मिळून) मंजूर वजन ठरलेले असल्यामुळे वर चढवलेले प्रत्येक किलो लोखंड तुमच्या कायदेशीर मालातून वजा होते, म्हणजे जास्त माल बसावा म्हणून वाढवलेले फाळकेच मालाची मर्यादा कमी करतात. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेला क्रमांकही असाच पुस्तकाशी ताडून पाहा. गंजामुळे तो वाचता येत नसेल तर रॉकेल आणि मऊ ब्रशने हळुवार साफ करावा. ग्राइंडर लावू नये आणि मिस्तरीकडून तो पुन्हा पंच करून घेणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे, कारण खाडाखोडीचा संशय एकदा आला की विषय तपासणीपुरता राहत नाही.

बाकीच्या गोष्टी तुलनेने सोप्या आहेत. नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षे योग्यता प्रमाणपत्र असते, आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी व मागे लाल लागते. वेगनियंत्रक साधारण मालट्रकला ताशी 80 किलोमीटरवर, तर टँकर व डंपरला 60 वर बसवलेला असतो. विमा व पीयूसी चालू असावेत. प्रमाणपत्राची मुदत संपली की कलम 56 प्रमाणे गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही, त्यामुळे एक दिवसाचीही ढिलाई नको.

पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढवून नेण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. माझे याबाबतचे मत कठोर आहे: ज्याला हा सल्ला सुचतो, त्याला गुरू मानू नये. ब्रेकची चाचणी रिकाम्या गाडीवर, सपाट जागी होते, आणि शिरपूर सोडून सेंधव्याकडे जाताना लागणारा बिजासन घाट भरल्या गाडीने उतरताना त्याच ब्रेकवर चालक व क्लीनर यांचे प्राण अवलंबून असतात. लायनर, ड्रम आणि हवेची गळती यांची तपासणी या घाटाचा विचार करूनच करून घ्यावी. एजंटांना मी सरसकट वाईट म्हणत नाही. अर्ज, शुल्क व तारीख यांची कामे ते नीट करतात. परंतु गाडीत दोष असताना प्रमाणपत्र मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. त्या पैशात ब्रेकचे काम होते. त्याऐवजी वीसेक वर्षे घाटात गाडी चालवलेल्या एखाद्या जुन्या चालकाला, ज्याला आपण दादा म्हणतो अशाला, दिवसभर सोबत घ्या. स्टेअरिंगमधील ढिलेपणा त्याच्या हाताला लगेच कळतो.

एवढे करूनही गाडी नापास झाली तर खचून जाऊ नका. पहिल्याच खेपेला परत आलेल्या गाड्या पुढे वर्षानुवर्षे रस्त्यावर नीट चालतात. प्रमाणपत्र नाकारल्यास त्याची कारणे मालकाला लेखी देणे कलम 56 नेच बंधनकारक केले आहे. तो कागद मागून घ्या, कारण तोंडी ऐकलेले गॅरेजपर्यंत पोहोचेतो बदलते आणि मिस्तरी नको ते खोलून बसतो. माझ्या कागदावर फाळक्यांचा एकच मुद्दा होता. वाढवलेले अँगल कापून काढले, गाडी पुन्हा काट्यावर घातली आणि पावती कागदपत्रांना जोडून दुसऱ्यांदा तपासणीला नेली, तेव्हा ती पास झाली.