लेखी प्रश्न देताय? आधी आकडा कुणाकडे आहे ते शोधा

अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की आमदार-खासदारांच्या ऑफिसात फोन सुरू होतात, आमचा विषय घ्या, आमचा प्रश्न लावा. विषय बहुतेकांकडे जबरदस्त असतो, प्रश्न मात्र कच्चा असतो. म्हणून ही तयारीची यादी, जे प्रश्न लिहून देतात त्यांच्यासाठी, मग ते पीए असोत, संघटनेचे कार्यकर्ते असोत की ऑफिसात रिसर्च करणारी पोरं. मागे ऊसतोड मजुरांच्या मुलांवर एक प्रश्न मी लोकसभेसाठी लिहून दिला होता, हंगामात किती मुलांची शाळा सुटते असा, आणि त्यात एक गोष्ट बघायची राहिली. उत्तर आलं की अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही. संपलं. अख्ख्या अधिवेशनातली एक संधी गेली.

तर ती गोष्ट सगळ्यात आधी. तुम्ही जो आकडा मागताय तो सरकारात कोण मोजतं आणि कुठल्या नावाखाली मोजतं, हे प्रश्न लिहायला बसायच्या आधी शोधून काढा.

२०२० चं उदाहरण बघा. लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, असं सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारलं गेलं. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर होतं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. देशभर संताप झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वेला विचारलं गेलं की मजुरांना घरी नेणाऱ्या श्रमिक स्पेशल गाड्यांमध्ये किती माणसं मेली, आणि तिथे आकडा आला, ९ सप्टेंबरपर्यंत ९७. विषय तोच, सरकारही तेच, फक्त प्रश्न अशा खात्याला गेला जिथे मोजणी खरंच होत होती. रस्त्यावर चालत जाताना मेलेल्यांची मोजणी कुणाकडेच नव्हती, आणि तशी ती नाही हे सरकारच्या लेखी कबुलीत आलं यालाही किंमत आहेच, पण ते ठरवून मिळवायचं असतं. आकडा मिळेल या आशेवर बसून ‘माहिती नाही’ घेऊन परत यायचं नसतं.

दुसरं उदाहरण आणखी बोचणारं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने संसदेला सांगितलं की २०२० अखेरच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच मंत्रालयाचं उत्तर होतं की हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? कारण २०१३ च्या कायद्यात हाताने मैला उचलणं आणि गटारांची धोकादायक सफाई या दोन वेगळ्या गोष्टी धरल्यात आणि मंत्रालय मृत्यू मोजतं ते दुसऱ्या नावाखाली. पहिल्या नावाने विचारलंत की शून्य हातात पडतो, आणि तो शून्य मग वर्षानुवर्षं भाषणांत वापरला जातो. म्हणजे चुकीचा प्रश्न फक्त वाया जात नाही, तो समोरच्याला हत्यार देऊन जातो. म्हणून परत सांगतो, नाव तपासा. कायद्यातलं नाव, योजनेतलं नाव, अहवालातल्या तक्त्याचं नाव.

आपल्याकडचं बघायचं तर शेतकरी आत्महत्या. एनसीआरबी, म्हणजे केंद्राचा गुन्हे नोंदणी विभाग, पोलिसांकडून आलेले आकडे देतं आणि त्यात शेतकरी वेगळे, शेतमजूर वेगळे. आपला महसूल विभाग वेगळं मोजतो, कारण त्यांना मदत द्यायची असते, म्हणून त्यांच्या तक्त्यात पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित असे रकाने असतात. नुसतं ‘किती आत्महत्या’ विचारलंत तर उत्तर देणारा सोयीचा आकडा उचलतो. तिन्ही रकाने जिल्हावार मागा, अपात्र ठरवायची कारणं मागा, खरी गोष्ट तिथे आहे.

हे शोधायचं कसं? मंत्रालयाचा वार्षिक अहवाल, योजनेच्या मार्गदर्शक सूचना, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे जीआरला जोडलेलं प्रपत्र. तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून वर काय काय रकाने भरून जातात ते त्यात दिसतं. जे रकाने भरले जातात तेच विचारा, आणि जो रकाना असायला हवा होता पण नाही त्याबद्दल वेगळा उपप्रश्न टाका की ही नोंद का ठेवली जात नाही. पंचायत समितीतल्या क्लार्कला एक फोन केला तरी अर्धं काम होतं. ऊसतोडीच्या मुलांबाबत विचारायला हवं होतं ते हंगामी वसतिगृहांचं, समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून किती मंजूर झाली, किती निधी सुटला, किती मुलांची सोय झाली, बीडला किती, अहिल्यानगरला किती. ते मोजलं जातं. ‘किती मुलांची शाळा सुटते’ हे त्या नावाने मोजलंच जात नाही.

आता बाकीचं. विषय केंद्राचा की राज्याचा हे बघा, पोलीस, कायदा-सुव्यवस्था, जमीन हे दिल्लीत विचारलंत तर ‘हा राज्याचा विषय आहे’ एवढंच मिळणार. जुनी उत्तरं वाचा, संसदेच्या साइटवर खात्यानुसार आणि शब्द टाकून शोधता येतं. ज्याचं उत्तर दिलं गेलंय तोच प्रश्न परत घेत नाहीत, आणि मुख्य म्हणजे जुन्या उत्तराच्या परिशिष्टातच कळतं की खातं कुठल्या रकान्यांत मोजतं. परत तेच, हो, मुद्दाम सांगतोय.

तारांकित की अतारांकित? तोंडी उत्तर आणि त्यावर तिथेच विचारायच्या पुरवणी प्रश्नांची ताकद तारांकितला आहे हे खरं, पण लोकसभेत रोज २० च तारांकित लागतात, तेही बॅलटने, म्हणजे सोडतीने, आणि त्यातले मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. लेखी उत्तराचे अतारांकित रोज २३० पर्यंत. तुम्हाला तक्ता हवाय, जिल्हावार, वर्षवार, तर अतारांकितच द्या. गोंधळात सभागृह तहकूब झालं तरी लेखी उत्तर पटलावर येतं. लोक अतारांकितला कमी समजतात याची मला खरंच चीड येते, कारण पत्रकार, कोर्टातले वकील, आंदोलनातली माणसं पुढे वर्षानुवर्षं वापरतात ते हेच तक्ते.

मसुदा. विधानसभेचा साचा माहितीच आहे, ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. या साच्यात एक मोठा खड्डा आहे. पहिल्या उपप्रश्नात तुम्ही चार गोष्टी भरल्या आणि त्यातली एक तारीख चुकली की उत्तर येतं ‘हे खरे नाही’, आणि खालच्या सगळ्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. पाच उपप्रश्न एका चुकीच्या तारखेवर मेले. म्हणून पहिल्या उपप्रश्नात एकच गोष्ट आणि तीही कागदाने सिद्ध होणारी, आदेश क्रमांक असेल तर उत्तम. आकड्याचा उपप्रश्न शक्यतो ‘असल्यास’वर टांगू नका, सुटा ठेवा. कालावधी लिहा, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत. विशेषणं काढा, ‘निर्लज्ज कारभार’ वगैरे लिहिलंत तर प्रश्न स्वीकारलाच जात नाही. मत विचारू नका, कोर्टात चालू असलेल्या प्रकरणात घुसू नका. लोकसभेत १५० शब्दांच्या आत.

पुरवणी प्रश्नासाठी साहेबांना किंवा ताईंना एक पान द्या, दहा पानं कुणी वाचत नाही. १९५७ चं मुंदडा प्रकरण आठवा, एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतले ते, सप्टेंबरमध्ये एलआयसीच्या गुंतवणुकीवर प्रश्न आला तेव्हा गुळमुळीत उत्तर मिळालं, डिसेंबरमध्ये खासदार फिरोज गांधी शेअर खरेदीचे तपशील घेऊन उभे राहिले, मग न्यायमूर्ती छागलांची उघड चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींचा राजीनामा. फिरोज गांधींकडे आकडे आधीच होते. ते कुठे नोंदले गेलेत हे त्यांना माहीत होतं.

मुदत बघा. लोकसभेला १५ पूर्ण दिवस आधी नोटीस लागते, एका दिवसासाठी एका सदस्याच्या जास्तीत जास्त ५, विधानमंडळात सचिवालयाचं वेळापत्रक येतं ते भिंतीला लावून ठेवा. प्रश्न भरायच्या ऑनलाइन पोर्टलचा पासवर्ड तिसऱ्या कुणाला देऊ नका, डिसेंबर २०२३ मध्ये याच कारणावरून खासदारकी गेलेली आहे. प्रश्नासाठी कुणाकडून पैसा, भेटवस्तू काहीही नाही, २००५ मध्ये ११ खासदार त्यापायी घरी गेले. एखाद्या कंपनीचा माणूस तयार प्रश्न टाइप करून आणून देत असेल तर त्याला परत पाठवा, वाद घालत बसू नका.

उत्तर आल्यावर परिशिष्टासकट डाउनलोड करा, त्याच दिवशी. ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘तपासून बघू’ असं असेल तर ते आश्वासन धरलं जातं, लोकसभेत तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाही झालं तर आश्वासन समितीकडे. राज्यातही अशी समिती आहे. तारीख डायरीत लिहा. उत्तर अर्धवट असेल तर अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना द्या, तिलाही मुदत आहे. आरटीआय समांतर टाका. उत्तर स्थानिक पेपरला आणि ज्यांचा विषय होता त्यांना पाठवा, हे विसरलं जातं.

आणि पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न लिहायला घ्याल तेव्हा पहिल्या ओळीच्या आधी कागदावर वर लिहा, हे कोण मोजतं, कुठल्या रकान्यात. रिकामं राहिलं तर प्रश्न पाठवू नका, आधी फोन करा.