मटमध्ये मेल लिहिताना फाइल जोडायची कशी

मट हा टर्मिनलमध्ये चालणारा मेल प्रोग्राम. एडिटर सेव्ह करून बंद केला म्हणजे मेल गेला, असं मटमध्ये होत नाही. आधी कंपोझ मेनू उघडतो: वर टू, सीसी, सब्जेक्ट, खाली अटॅचमेंटची यादी. फाइल जोडणं, काढणं, नाव बदलणं हे सगळं इथेच करायचं. वाय (पाठवण्याची कळ) दाबेपर्यंत काहीही बाहेर पडत नाही, त्यामुळे वाय दाबायच्या आधी ही यादी वाचायची सवय लावून घ्या.

जोडण्यासाठी स्मॉल ए दाबा. मट फाइलचं नाव विचारतो. अर्धं नाव लिहून टॅब दाबलं की उरलेलं तो पुरं करतो. प्रश्नचिन्ह दाबलं तर फाइलींची यादी उघडते. तिथे टी दाबून हव्या तेवढ्या फाइलींवर खूण करा आणि कर्सर फोल्डरवर नसून फाइलवर आहे हे पाहून एंटर मारा. सगळ्या एकदम येतात. कॅपिटल ए वेगळं काम करतं: एखाद्या मेलबॉक्समधले जुने मेलच सोबत जोडायचे असतील तर ते वापरा. मेलबॉक्स निवडा, मेलवर टीने खूण करा, मग बाहेर पडा.

जोडलेली फाइल साधारण अशी दिसते:

ए २ ~/कागद/अहवाल.पीडीएफ [ॲप्लिका/पीडीएफ, बेस६४, १.२एम]

पहिला ए म्हणजे फाइल अटॅचमेंट म्हणून जाणार. तिथे आय असेल तर ती इनलाइन, म्हणजे पाहणाऱ्याच्या प्रोग्रामला जमलं तर मजकुरातच उघडी दिसेल. कंट्रोल-डीने हे बदलता येतं. ॲप्लिका हे फाइलच्या प्रकाराचं (ॲप्लिकेशन) तोडलेलं नाव आहे, बिघाड नव्हे. नेहमीच्या मांडणीत मट पहिली सातच अक्षरं दाखवतो. यादीतली पहिली ओळ तुमच्या मजकुराची असते आणि तिच्या डावीकडे उणे चिन्ह असतं. त्याचा अर्थ, पाठवून झाल्यावर ही तात्पुरती फाइल डिस्कवरून पुसली जाईल. मजकुराच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण हेच चिन्ह तुमच्या अहवालाच्या डावीकडे दिसलं तर थांबा: चुकून स्मॉल यू दाबलं गेलंय. पुन्हा यू दाबलं की चिन्ह जातं. एन्कोडिंग (फाइल मेलमध्ये ज्या रूपात जाते ते) ताजं करायला कॅपिटल यू असल्यामुळे ही गल्लत सहज होते.

दुसरी गल्लत नावाची. कॅपिटल आर दाबून नवं नाव दिलं तर डिस्कवरच्या मूळ फाइलचंच नाव बदलतं. फक्त समोरच्याला वेगळं नाव दिसावं असं वाटत असेल तर कंट्रोल-ओ वापरा. कॅपिटल डीची मात्र भीती नको. तो फाइलला मेलमधून काढतो, डिस्कवर ती जागच्या जागी राहते.

आकाराकडे नीट बघा. ओळीतला आकडा डिस्कवरच्या फाइलचा असतो. बायनरी फाइल (साधा मजकूर नसलेली, जशी पीडीएफ) बेस६४ या अक्षरी एन्कोडिंगमध्ये जाते, तेव्हा दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, शिवाय ठरावीक अक्षरांनंतर ओळ तुटते. म्हणजे १८ एमबीची फाइल प्रत्यक्षात साडेचोवीस एमबीच्या आसपास जाते आणि २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर जेमतेम बसते. २० एमबीची परत येणार. कंपोझ मेनूच्या पट्टीवर संपूर्ण मेलचा अंदाजे आकार असतो. त्यात ही वाढ धरलेली असते, म्हणून भरवसा त्याच आकड्यावर ठेवा.

प्रकार चुकला तर पाहणाऱ्याकडे फाइल भलत्याच प्रोग्रामात उघडते किंवा उघडतच नाही. मट प्रकार ठरवतो तो नावाच्या शेपटीवरून (.पीडीएफसारख्या), माइम.टाइप्स फाइलींतल्या नोंदी बघून. शेपटी ओळखीची नसेल तर आतला मजकूर तपासून टेक्स्ट/प्लेन (साधा मजकूर) किंवा ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम (नुसता बायनरी डेटा) ठरवतो. एखाद्या वेळेपुरतं कंट्रोल-टीने सुधारा. तीच शेपटी वारंवार लागत असेल तर होम फोल्डरमधल्या .माइम.टाइप्समध्ये एक ओळ घाला: आधी प्रकार, मग शेपटी.

जोडल्यानंतर फाइलमध्ये दुरुस्ती केलीत तर वाय दाबल्यावर मट सांगतो की ती बदलली आहे, एन्कोडिंग ताजं करू का? होय म्हणा. नाही म्हटल्याने जुनी प्रत जात नाही, कारण मट फाइल पाठवतानाच वाचतो. जुनं राहतं ते एन्कोडिंग.

‘सोबत जोडलं आहे’ लिहून फाइल विसरण्यावर इलाज आहे. मटच्या अबॉर्ट_नोअटॅच या सेटिंगला आस्क-येस द्या, म्हणजे मजकुरात जोडल्याचा शब्द असून फाइल नसेल तर मट पाठवण्याआधी विचारतो. मटचा मूळ नमुना फक्त इंग्रजी अटॅच शब्द शोधतो, म्हणून मराठीत लिहिणाऱ्यांनी अबॉर्ट_नोअटॅच_रेगएक्स्पमध्ये ‘जोडल|जोडत|सोबत’ अशी भर घालायलाच हवी. ‘सोबत’मुळे कधी कधी विनाकारण विचारणा होईल, पण ती चालवून घ्यावी.

कमांड लाइनवरून पाठवताना फाइलींची नावं संपली की दोन डॅश द्यायचेच:

मट -एस "अहवाल" -ए अहवाल.पीडीएफ तक्ता.सीएसव्ही -- पत्ता < मजकूर.टीएक्सटी

हे डॅश राहिले तर मट पत्त्यालाही फाइल समजतो आणि ती सापडत नाही म्हणून काम सोडतो. असा मजकूर बाहेरून दिला की कंपोझ मेनू येत नाही, मेल थेट निघतो. आधी स्वतःच्या पत्त्यावर पाठवून बघा.

कॅपिटल पी दाबून मेल बाजूला ठेवलात तर अटॅचमेंटची त्या क्षणाची प्रत मसुद्यात साठते. पुन्हा उघडल्यावर मूळ फाइलशी तिचा संबंध उरलेला नसतो. मधल्या काळात फाइल सुधारली असेल तर जुनी ओळ कॅपिटल डीने काढा आणि स्मॉल ए दाबून नव्याने जोडा.