रिफंड मागावा की रीइम्बर्समेंट? इंग्रजी अर्जासाठी योग्य क्रियापद कसे निवडावे

इंग्रजीत अर्ज लिहिताना ‘पैसे परत द्यावेत’ एवढ्या एका मागणीसाठी रिपे, रिफंड, रीइम्बर्स आणि कॉम्पेन्सेट अशी चार क्रियापदे हाताशी असतात, आणि बहुतेक अर्जांत सवयीने रिफंडच लिहिले जाते. निवड करायची असेल, तर मागणी आधी कार्यालयीन मराठीत मांडून पाहावी. परतफेड कर्जाची असते, परतावा भरलेल्या रकमेचा, प्रतिपूर्ती केलेल्या खर्चाची आणि भरपाई नुकसानीची. वरील चार क्रियापदे याच क्रमाने या शब्दांशी जुळतात. (गुंतवणुकीवरील परतावा हा वेगळा विषय आहे, तो येथे मनात आणू नये.)

समजा, ठाण्यातील एका रुग्णालयात वडिलांना दाखल करताना ५०,००० रुपये अनामत भरावी लागली आणि ती मेहुण्यांकडून उसनी घेतली. रुग्णालय विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसल्याने कॅशलेस सोय मिळाली नाही. बिल ४२,००० रुपये झाले. उरलेले ८,००० रुपये रुग्णालयाने देणे म्हणजे रिफंड, कारण ज्याच्याकडे रक्कम भरली त्याच्याकडूनच ती परत येते. विमा कंपनीकडे ४२,००० रुपयांचा दावा करायचा तो मात्र रीइम्बर्समेंटचा, कारण ही रक्कम तिला आपण कधी दिलेलीच नव्हती. पॉलिसीनुसार जो खर्च तिने सोसायचा, तो आपण आधी स्वतःच्या खिशातून केला. मेहुण्यांचे ५०,००० रुपये आपण रिपे करतो. याच विमा कंपनीकडून रिफंडही मिळू शकतो, पण तो पॉलिसी फ्री-लुक मुदतीत (पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून, न पटल्यास परत करण्यासाठी मिळणाऱ्या मुदतीत) रद्द केल्यास भरलेल्या हप्त्याचा, काही वजावटी होऊन. म्हणजे पैसे कोण देणार यापेक्षा ते आधी कोणाला आणि कशासाठी दिले होते, हे पाहावे.

हीच कसोटी ऐरोलीच्या ऑफिसमधून कामासाठी केलेल्या टॅक्सीच्या भाड्याला लावली, तर ऑफिस रीइम्बर्स करते, आणि रद्द झालेल्या फेरीचे पैसे टॅक्सी कंपनी रिफंड करते. खारघरमधील भाड्याच्या घराची अनामतही रिफंडच होते. तेथे रिपे लिहिले, तर घरमालकाला कर्ज दिले होते असा अर्थ निघतो.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम वजा झाली, तर रिफंडऐवजी रिव्हर्सल हा शब्द वापरावा, कारण तेथे चुकीची नोंद उलटवली जाते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त ५ दिवसांत जमा व्हावी लागते आणि त्यापुढे दररोज १०० रुपये द्यावे लागतात. हे १०० रुपये कॉम्पेन्सेशन होय. अर्जात दोन्ही मागण्या वेगळ्या वाक्यांत लिहाव्यात. एकत्र केल्या, की मूळ रक्कम जमा होताच तक्रार निकाली काढली जाण्याचा संभव असतो.

वाक्यरचनेकडेही लक्ष द्यावे. रीइम्बर्स या क्रियापदानंतर व्यक्ती आणि मग फॉर लावून खर्च येतो: ‘काइंडली रीइम्बर्स मी फॉर द टॅक्सी फेअर’. ‘रीइम्बर्स द टॅक्सी फेअर’ हेही बरोबर आहे. रिफंडनंतर औपचारिक पत्रात रक्कम आधी लिहावी: ‘काइंडली रिफंड द डिपॉझिट टू मी’. ‘रिफंड मी’ बोलण्यात चालते, सोसायटीच्या सचिवांना लिहिताना ते जरा घाईचे वाटते. रिपे मात्र कर्ज आणि माणूस दोन्हींपुढे चालते.

यांपैकी कोणत्याही क्रियापदाला ‘बॅक’ जोडू नये. रिपे, रिफंड आणि रीइम्बर्स यांच्या आरंभीच्या ‘रि’मध्ये परत हा अर्थ आहेच, त्यामुळे ‘रिफंड बॅक’ ही द्विरुक्ती होते. ‘पे बॅक’ हा स्वतंत्र प्रयोग बरोबर असला, तरी तो घरगुती बोलण्यातला आहे, शिवाय ‘आय विल पे यू बॅक फॉर धिस’ याचा अर्थ ‘याचा वचपा काढीन’ असाही होतो, म्हणून थकलेल्या हप्त्याबाबत बँकेला पत्र लिहिताना रिपेच वापरावे.